चार बोटं लाकूड

पेटी आखूड भरली.

डीट्रिखने सुतळी पुन्हा ताणून पाहिली. मोठ्या खोलीत बाबांच्या डोक्यापासून टाचेपर्यंत धरून त्याने तिला खूणगाठ मारली होती. तीच सुतळी आता गोठ्यात, शवपेटीच्या आत अंथरली, तर गाठ पायाकडच्या फळीवर चढून पलीकडे लोंबत होती. आधी त्याने दोष सुतळीला दिला. वीब्यांच्या घरातली सुतळी म्हणजे पोत्यांची, पार्सलांची, कधीकाळच्या पतंगांची तुकडे तुकडे जोडून केलेली. ती कुठे किती ताणेल याचा भरवसा नव्हता. म्हणून तो लाकडी पट्टी घेऊन आला. पट्टीनेही तेच सांगितलं. शेवटी त्याने आपला पंजा आडवा धरला. बरोबर चार बोटं कमी.

ही पेटी बाबांनी, इझब्रांट वीबेंनी, स्वतःच्या हातांनी केली होती. जुनं कोठार पाडलं तेव्हा ज्या फळ्या सुटल्या, त्यातल्या चांगल्या निवडून त्यांनी आपली मरणाची सोय करून ठेवली. पण पेटी नुसतीच रिकामी पडून राहणं त्यांना बघवेना. इतकी मोठी जागा, आत काही नाही, म्हणजे काय! मग त्यांनी तिच्यात बियाण्याचा घेवडा भरला आणि ती माळ्यावर चढवली. दर वसंतात आमच्या लिलिएनफेल्ड गावच्या बायका वाटी घेऊन यायच्या आणि 'पेटीतला घेवडा' मागून न्यायच्या. गावातल्या बहुतेक परसांत तोच वेल चढलेला असायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आज सकाळी डीट्रिखने घेवडा उपसून पोत्यांत भरला, पेटी झाडूनपुसून खाली उतरवली. दफन उद्या दुपारी होतं.

"काय रे, तोंड असं का झालंय?" नेटा दारातून म्हणाली. तिचे हात कोपरापर्यंत पिठाने माखलेले होते. आमच्याकडे मयताच्या घरून शेजारणींना पीठ जातं आणि दफनाच्या दिवशी त्या पिठाचे पाव भाजून आणतात. थोरली लेक म्हणून ते वाटपाचं काम नेटाकडे आलं होतं. ती पीठ भरून झालं की डबा उलटा करून त्याच्या बुडावर दोन थापा मारायची, आणि घेणारीही त्या थापांसाठी थांबायची.

"आखूड आहे."

"काय आखूड आहे?"

"पेटी. बाबांना."

"तू माप चुकवलंस." ती आत आली, पिठाच्या हातांनीच पट्टी घेतली, मोजलं, पुन्हा मोजलं. मग ती पेटीच्या कडेवर बसली. "बाबांचं माप चुकलं? बाबांचं?"

ज्या माणसाने उभ्या जन्मात एक खिळा वाकडा ठोकला नाही आणि दुसऱ्याने ठोकलेला काढून सरळ करून डब्यात टाकला, त्याचं स्वतःच्या अंगाचं माप चुकावं हे दोघांच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"गुडघे जरासे वाकवले तर?" नेटा म्हणाली.

"नेटा, ते बाबा आहेत. घडीची खुर्ची नव्हे."

"मला माहीत आहे ते बाबा आहेत. ते असते तर त्यांनी हेच सुचवलं असतं."

ते खरं होतं. "काल रात्रीपासून ताठ झालेत," डीट्रिख हळूच म्हणाला. "आता वाकणार नाहीत. जिवंतपणी वाकले नाहीत ते आता काय वाकतात."

"मग तुकडा जोड. फळी घे एखादी."

"कुठली? दाखव ना मला या घरात एक सुटी फळी. शेवटची होती ती बाबांनीच डुकरांच्या कुंपणाला लावली."

"ती काढ."

"बाबांच्या पायाशी डुकरांची फळी लावू?"

"धुऊन लाव रे! सोड्याने घासून दे, मी घासते!" नेटाचा आवाज चढला आणि तसाच फुटला. ती पदरासारखा आपला एप्रन डोळ्यांना लावायला गेली, पण एप्रनला पीठ होतं, म्हणून तिने मनगटाने डोळे पुसले.

तेवढ्यात अंगणात मोटार थांबल्याचा आवाज आला. "आला साहेब," ती म्हणाली. "त्याला काही सांगू नकोस."

पण कोर्नी घरात न जाता सरळ गोठ्यातच आला. कॉर्नेलियस वीबे, या दोघांचा भाऊ, आमचा शहरातला. शेतीच्या अवजारांचं मोठं दुकान, केसाळ कॉलरचा कोट. तो दोघांच्या तोंडाकडे, मग सुतळीकडे, मग त्या लोंबणाऱ्या गाठीकडे पाहत राहिला. त्याला कळायला वेळ लागला नाही. डीट्रिखला मात्र एक गोष्ट खटकली. भावाच्या चेहऱ्यावर धक्का बसायला हवा होता; तिथे हायसं वाटल्यासारखं काहीतरी उमटलं.

"बरं झालं," कोर्नी म्हणाला. "म्हणजे, तसं नाही... काळजी करू नका. तीन वाजता दुसरी येतेय."

"दुसरी कुठली?"

"मी मागवली. ओकची आहे. आतून अस्तर, बाजूला पितळी कड्या. फार दिखाऊ नाही."

"कधी मागवलीस?" डीट्रिखने विचारलं.

"काल. तुझा फोन आल्यावर लगेच."

"काल आम्हाला तरी कुठे ठाऊक होतं ही आखूड आहे म्हणून?"

एकमेकांवर ओरडत असलेली भावंडं एका क्षणात एक झाली आणि समोरच्या कोटाकडे पाहू लागली.

"म्हणजे पेटी बरोबर असती तरी तू ती आणणारच होतास," नेटा म्हणाली. "बाबांनी केलेली बाजूला सारून. पितळी कड्या! जमिनीखाली त्या कड्या धरणार कोण आहे रे?"

"तुला नेहमी एवढंच दिसतं. धरणार कोण, लागणार कशाला, आधीची काय वाईट आहे!" कोर्नीचे कान लाल झाले. "मी त्यांना कोट आणला होता, आठवतं? पहिल्या वर्षी दुकान चाललं तेव्हा. त्यांनी तो घालून पाहिला, काढला, घडी घातली, म्हणाले माझा अजून दोन हिवाळे जाईल. हातमोजे आणले, ते कपाटात. रेडिओ आणला, तो त्यांनी शाळेला दिला. एकदा म्हटलं पैसे घ्या, तर म्हणाले तुझ्याकडेच असू देत, तुला लागतील. माझ्या बापाने माझ्याकडून एक वस्तू घेतली नाही, नेटा. एकसुद्धा. ही त्यांना परत करता येणार नाही."

डीट्रिखने पट्टी भिंतीला लावून ठेवली. भाऊ चुकतोय हे त्याला पक्कं ठाऊक होतं आणि तरीही भावाची दया आली.

एडिथ, कोर्नीची बायको, स्वयंपाकघरात सासूसमोर, युस्टिनासमोर, बसली होती. बाहेर गोठ्यातला चढा आवाज भिंतीतून ऐकू येत होता. आमच्या घरांत गोठा आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एकच दार असतं. युस्टिना हंसाच्या पंखाने टेबलावरचं पीठ एका कडेला गोळा करत होती. ते तिने कागदावर घेतलं आणि पुन्हा डब्यात ओतलं.

"भांडतायत," एडिथ म्हणाली.

"भांडू देत. रडण्यापेक्षा बरं." युस्टिनाने भाजलेल्या बार्लीची कॉफी दोघींच्या कपांत ओतली. "साखर घे. चमच्याने नको ढवळूस, खडा दातांत धर. कमी लागते."

एडिथने खडा दातांत धरला. विनिपेग शहरातल्या इंग्रज घरातून ती या घरात आली तेव्हा असल्या गोष्टींनी तिचा जीव मेटाकुटीला आला होता. लग्नात आहेर उघडत असताना सासू शेजारी बसून रंगीत कागद काढून घेत होती, फाडू नकोस म्हणत होती, आणि दुसऱ्या दिवशी ते सगळे कागद इस्त्री करून रचलेले होते. एडिथने ही गंमत मैत्रिणींना रंगवून रंगवून सांगितली होती. मग कोर्नीचं दुकान आणि वरचं राहतं घर जळालं, तो सगळा प्रकार गावाला ठाऊकच आहे. त्या वेळी तिसऱ्या दिवशी हे दोघे म्हातारे गाडीभर सामान घेऊन दारात उभे राहिले. पिठाच्या पोत्यांच्या शिवलेल्या चादरी, साबण, डुकराच्या चरबीचे डबे, सुकवलेली फळं, चमचे, दिवे, आणि सरळ केलेल्या खिळ्यांची एक बादली, ज्यांच्यावर दुकान पुन्हा उभं राहिलं. एवढं सगळं आलं कुठून, असं तिने विचारलं तेव्हा इझब्रांट म्हणाले होते, "टाकलं नव्हतं." त्या दिवसापासून एडिथने ती गंमत कुणाला सांगितली नाही.

"तुम्हाला एक सांगू?" ती आता म्हणाली. "कोर्नीसुद्धा तसाच आहे. दुकानात नोकर गेले की मागच्या बाजूला बसतो आणि खिळे सरळ करतो. मला ते ठाऊक नाही असं त्याला वाटतं. आलेली पाकिटं उलटी करून हिशेब लिहितो. साबणाचे तुकडे एकमेकांना चिकटवतो."

युस्टिनाने कप खाली ठेवला. "खरंच?"

"शपथ."

म्हातारीच्या ओठांची कड हलली. "ह्यांना कळायला हवं होतं हे," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पेटी आखूड आहे ना? म्हणूनच भांडतायत?"

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी म्हटलं होतं त्यांना. अहो, तुम्ही तुमच्या मापापेक्षा चार बोटं कमी धरताय. तर म्हणाले, म्हाताऱ्या माणसाची उंची घटते. माझ्या बाबांची घटली, चार बोटं भरून घटली, मी पाहिलंय. मग जे मी मरेपर्यंत उरणारच नाही, त्याच्यासाठी लाकूड कशाला मातीत घालू?"

एडिथने तोंडावर हात ठेवला.

"आता त्यांच्या बाबांचं सोड. आब्राम आले रशियाहून, पहिला हिवाळा जमीन खणून त्या खड्ड्यात काढला, पोत्यात उरलेले वाळके पाव माणशी मोजून. ती माणसं वाकणारच. ह्यांचं तसं काय होतं? चांगले खांबासारखे. पण ऐकतील तर ना. दर नव्या वर्षाला सकाळी गोठ्याच्या दाराला पाठ लावून उभे राहायचे. मी डोक्यावर पुस्तक धरून रेघ मारायची. खाली आली का, म्हणून विचारायचे. नाही आली म्हटलं की दिवसभर तोंड फुगलेलं. मी म्हणायची, अहो, मोठी करून घ्या आता पेटी. तर म्हणायचे, थांब, अजून वेळ आहे."

एडिथला हसू आवरेना. तिने खूप प्रयत्न केला, पण "अजून वेळ आहे" या शब्दांवर तिच्या तोंडातला खडा निसटला आणि कपात पडला. युस्टिनाही हसू लागली, आवाज न करता, खांदे हलवत, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं ते थांबेना. एडिथ उठली आणि सासूच्या पाठीशी जाऊन तिचे खांदे धरून उभी राहिली. पलीकडच्या खोलीत माणूस मरून पडला होता आणि ह्या दोघी हसत होत्या, आणि मला तरी वाटतं त्याच्यासाठी त्या दिवशी झालेली ती सगळ्यात प्रेमाची गोष्ट होती.

"कोर्नीने शहरातून पेटी मागवलीये," एडिथ शेवटी म्हणाली. "मी त्याला अडवलं नाही. अडवायला हवं होतं."

"मला कळलं. भिंत पातळ आहे." युस्टिनाने डोळे पुसले. "खडा काढ कपातून. आता विरघळलाच असेल म्हणा."

ट्रक तीनच्या आधीच आला. ड्रायव्हर आणि त्याचा जोडीदार यांनी पेटी उतरवली. ती साध्या पाइनच्या मोठ्या खोक्यात होती. खोक्याचं झाकण उचकटलं, आतली पेटी बाहेर काढून गोठ्यात बाबांच्या पेटीशेजारी ठेवली. ओकचं लाकूड असं घासलेलं की त्यात नेटाला आपलं तोंड दिसलं. ड्रायव्हरने वरचं झाकण उघडलं.

नेटा काहीतरी टोचून बोलायच्या तयारीने पुढे झाली होती. आत पांढरं साटिन होतं, चुण्या घातलेलं, डोक्याखाली लहानशी उशी. तिने बोट लावलं. तिच्या बोटांच्या भेगांत कापड अडकलं, म्हणून तिने हात उलटा केला आणि मागची बाजू त्यावरून फिरवली. बाबा आयुष्यभर पेंढ्याच्या गादीवर झोपले. पिठाच्या पोत्याच्या चादरीवरची छापलेली अक्षरं कितीही धुतली तरी जात नसत. लहानपणी ती बाबांच्या अंथरुणात शिरून ती अक्षरं वाचायची. शेवटच्या आठवड्यात त्यांची पाठ सोलवटली होती. तिने पेंढा बदलून दिला तर म्हणाले होते, जुना गाईंखाली घाल.

"राहू दे ही," ती म्हणाली.

"काय?" डीट्रिखला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"राहू दे म्हणते ना! एकदा तरी मऊ झोपू देत त्यांना."

"नेटा, सकाळी तू डुकरांची फळी घासून देणार होतीस!"

"सकाळी मी ही पाहिली नव्हती."

कोर्नीने बहिणीकडे पाहिलं. तिच्याकडून त्याला कधीही साथ मिळाली नव्हती, त्यामुळे मिळाल्यावर काय करायचं हे त्याला ठाऊक नव्हतं. डीट्रिख दोघांच्या मध्ये एकटा पडला. बाबांचं सगळं शेत तो करत होता, त्यांच्याजवळ शेवटपर्यंत तोच होता, आणि आता त्यांच्या बाजूने बोलायला त्याच्यापाशी एक आखूड पेटी आणि एक गाठाळ सुतळी एवढंच उरलं होतं. "बाबांनी केलीये ही," तो म्हणाला. "स्वतः. मी पलीकडून करवत धरली होती." यापेक्षा मोठं काही त्याला सांगता आलं नाही.

"आईला विचारा," दारातून एडिथ म्हणाली.

युस्टिना तिच्या मागून आली. तिने दोन्ही पेट्या पाहिल्या. मग नव्या पेटीजवळ जाऊन साटिन चिमटीत धरलं, चोळून पाहिलं, एक चुणी उलटून शिवण तपासली.

"छान आहे," ती म्हणाली. "कोर्नी, खरंच छान आहे."

कोर्नीने श्वास सोडला.

"पण ह्यांनी घेतली नसती."

"आई, आता ते नाही म्हणू शकत नाहीत."

"म्हणूनच तर."

गाईंपैकी एकीने साखळी ओढली. ड्रायव्हर टोपी हातात घेऊन भिंतीकडे पाहू लागला.

"तुला वाटतं त्यांना तुझं काही नको होतं," युस्टिना म्हणाली. "तुला मी कधी सांगितलं नाही, चुकलंच माझं. तो कोट तू परत नेलास ना, त्या दिवशी जेवले नाहीत ते. म्हणाले, पोरगा मला सगळ्या पुऱ्या झालेल्या वस्तू आणून देतो, मी काय करू त्यांचं? ह्यांना नुसतं घेता येत नव्हतं रे. वस्तूला हात लावता आला पाहिजे, सांधता आली पाहिजे, तिला थोडी गरज पाहिजे त्यांची. तू एकदा तुटलेलं नांगराचं दांडकं आणून टाकलं होतंस अंगणात, तुला भंगारात द्यायचं होतं. आठवतं? ते आठवडाभर घेऊन बसले होते. दुरुस्त केलं. सगळ्यांना दाखवत होते, कोर्नीने आणलंय म्हणून."

"ते मी आणलं नव्हतं. टाकलं होतं मी ते."

"त्यांना काय ठाऊक."

कोर्नीने कोटाच्या कॉलरला हात लावला, उगाच, आणि काढला.

युस्टिना जुन्या पेटीकडे वळली. पायाकडच्या फळीवर तिने हात ठेवला. "एवढ्या जन्मात ह्यांनी एकच गोष्ट कमी करून ठेवली. चार बोटं लाकूड. दुसरं काही कुणी द्यायला जागाच ठेवली नाही त्यांनी. तेवढं तू दे."

कोर्नी बराच वेळ त्या फळीकडे पाहत राहिला. मग तो ड्रायव्हरकडे वळला. "परत घेऊन जा. तुमच्या दुकानात मी बोलतो. येण्याजाण्याचं भाडं माझ्याकडे लाव."

"म्हणजे मी एवढ्या लांबून..." ड्रायव्हर पुटपुटला, पण सगळ्यांची तोंडं पाहून गप्प झाला. दोघांनी ओकची पेटी उचलून ट्रकवर चढवली आणि तिला घोंगडी गुंडाळू लागले. खोका तसाच अंगणात राहिला होता.

नेटाने नाक पुसलं. साटिन परत गेल्याने तिचे डोळे अजून ओले होते, पण नजर खोक्यावर गेली आणि तिथेच थांबली. "हे नेणार का तुम्ही?"

"तो होय? नाही हो. टाकूनच देतो आम्ही ते."

टाकून! तो बिचारा बाहेरगावचा होता, कुणाच्या अंगणात काय बोलू नये हे त्याला कोण सांगणार? सगळे वीबे त्याच्याकडे असे पाहू लागले की तो घाईघाईने ट्रकमध्ये बसला.

"पाइन आहे," डीट्रिख खोक्याजवळ वाकून म्हणाला. "गाठी कमी आहेत. जाडी जुळेल थोडी तासली तर."

"खिळे जपून काढ," कोर्नी म्हणाला. आणि कोट काढून त्याने गाईच्या दावणीवर टाकला.

डीट्रिखने मदत करायला हात पुढे केला तेव्हा युस्टिनाने त्याला मानेनेच नको म्हटलं. मग तो बाजूला झाला आणि खोक्याचे खिळे उपटत बसला. कोर्नीने पायाकडची फळी काढायला घेतली. बाबांनी ती खिळ्यांशिवाय खाचांनी बसवली होती, त्यामुळे ती तोडता येत नव्हती, फक्त योग्य दिशेने हलवली तर निघत होती. ती दिशा त्याच्या हातांना आठवली; त्याला स्वतःला आठवली नसती. पहिला तुकडा त्याने तिरका कापला. दुसरा बरोबर आला. रंधा मारताना त्याच्या तळव्याला फोड आला आणि फुटला, दुकानात बसून मऊ झालेले हात. एडिथने रुमाल बांधायला आणला तर नेटाने तो नवा रुमाल परत केला आणि आपल्या एप्रनची फाटकी पट्टी दिली.

दोन्ही बाजूंना तुकडे जोडले, खाली एक, झाकणाला एक. आतून आडव्या पट्ट्या मारल्या. नवं लाकूड पिवळट होतं आणि जुनं करडं, त्यामुळे जोड लपला नाही. कोर्नीने त्यावर काजळी फासून रंग जुळवायचा विचार केला आणि सोडून दिला. मग नव्या तुकड्यांत तशाच खाचा पाडून जुनी फळी त्यांत बसवली. सगळं झाल्यावर त्याने दुकानातल्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं आईला विचारलं, "चालेल?"

"बघू या," ती म्हणाली.

मोठ्या खोलीत त्यांनी बाबांना उचलून पेटीत ठेवलं, डीट्रिख डोक्याकडे, कोर्नी पायांकडे. टाचा नव्या लाकडावर टेकल्या आणि तिथे नीट बसल्या. खाली युस्टिनाने पिठाच्या पोत्याची चादर घातली होती, तिच्यावरची गिरणीच्या नावाची निळी अक्षरं पुसट दिसत होती. नेटाने ती पाहिली आणि खाली वाकून त्या अक्षरांवर हात ठेवला. कोर्नी पायांशीच उभा राहिला. त्याने आपला पंजा आडवा धरून वडिलांच्या टाचेशी लावला आणि मग लहान मुलासारखा रडला, सगळ्यांसमोर, काही न लपवता. कुणी त्याला गप्प केलं नाही.

त्याचं रडणं ओसरल्यावर युस्टिना म्हणाली, "कोर्नी, खोक्याच्या फळ्या किती उरल्या?"

"बऱ्याच उरल्या. का?"

"मग आवर आणि माझंही माप घे. तुझे हात पुन्हा मऊ व्हायच्या आत."

"आई!" नेटा ओरडली.

"ओरडायला काय झालं? लाकूड आहे, सुतार घरात आहे." ती दाराच्या चौकटीला पाठ लावून उभी राहिली, चपला काढून, हनुवटी सरळ धरून. कोर्नी सुतळी घेऊन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसला. टाचेपासून त्याने सुतळी वर नेली. ती फार वर न्यावी लागली नाही.

"तू तर घटलीस, आई," तो म्हणाला.

"मग, कुणीतरी घटायला हवं होतंच." तिने खाली त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "आता अजून किती घटेन ते धरून बसू नकोस. तुला द्यायचं तेवढं दे. मी परत करणार नाही."